कोपरा फाडलेलं प्रेमपत्र

माझ्या सासुरवाडीत मला अजूनही कुणी नावानं ओळखत नाही. ‘मरेल जवाई’ म्हणतात. म्हणजे मेलेला जावई. एरंडोलच्या पलीकडचं ते खेडं. मी एसटीतून उतरलो की पारावर बसलेली माणसं एकमेकांना सांगतात, “उना रे, मरेल जवाई उना.” आणि मी हसत हसत त्यांना रामराम करतो. करणार काय? ही पदवी मला दुसऱ्या कुणी चिकटवलेली नाही. मीच ती स्वतःच्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहून घेतली आहे. आणि त्याला कारण एक कादंबरी.

सहासष्ट की सदुसष्ट साल असेल. मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. आलेल्या पत्राला आवक नंबर, गेलेल्या पत्राला जावक नंबर, दिवसभर हाच उद्योग. पत्र कसं लिहावं, सही कुठे करावी, पाठवणाऱ्याचं नाव नसलं तर केवढा घोटाळा होतो, हे अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल अशी माझी समजूत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला अडाणीपणाची सबब नाही.

लग्नाला आठ-नऊ महिने झाले होते. एका मारवाडी शेटजींच्या घराला लागून गल्लीकडे तोंड असलेली एक खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. बायको सातवी शिकलेली, कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. बोललीच तर माहेरची अहिराणी. मी आपला कचेरीतली शुद्ध मराठी घरीही मिरवायचो. एकदा मोठा धीर करून विचारलं, “तुला माझ्याबद्दल काय वाटतं?” ती ताटात तांदूळ निवडत होती. एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “काय वाटनार? चांगलं वाटस.” वांग्याच्या भरताबद्दल विचारलं असतं तरी हेच म्हणाली असती.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि त्या सणाला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. नवऱ्यांनी खानावळीत जेवावं आणि उन्हाळा काढावा. तिचा भाऊ न्यायला आला आणि ती महिनाभरासाठी गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, “माठ रोज धुवा.”

त्याच आठवड्यात वाचनालयातून ती कादंबरी हाती आली. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, कडा मऊ पडलेली. गोष्ट म्हणाल तर काहीच नव्हती. समुद्रकाठचं गाव, एक बाई, एक पुरुष, आणि मध्ये दोनशे पानं नुसती ओढ. ती बाई विहिरीवर पाणी काढते, तिच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघतो आणि पाठीवरून खाली उतरतो. त्या थेंबाला खाली पोचायला चार पानं लागतात! मे महिन्यातल्या धुळ्यात, कचेरीत, आवक रजिस्टरच्या आड धरून मी ती चार पानं वाचली. घाम सगळ्यांनाच येत होता, वाळ्याचा पडदा फक्त साहेबांच्या खोलीला. हेडक्लार्कच्या मानेवरूनही थेंब निघत होते, पण त्यांच्यावर कुणी अर्धी ओळसुद्धा लिहिली नसती.

आज चेष्टा करतोय, पण खोटं बोलणार नाही. त्या पुस्तकानं मला मुळापासून हलवलं. वाचता वाचता मला एकदम माझी बायको दिसली, शेगडीपुढे बसलेली. पदर कमरेला खोचलेला, मानेवर ओले केस चिकटलेले. आठ महिने मी रोज त्या मानेमागे पाट टाकून बसत होतो आणि माझं सगळं लक्ष भाकरी फुगते की नाही याकडे. मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठलो. तेवीस वर्षांत मला कुणाची एवढी ओढ लागली नव्हती, आणि लागली ती स्वतःच्याच लग्नाच्या बायकोची, तीही ती घरात नसताना.

मागोमाग धास्ती आली. तिला मी हवा आहे का? त्या पुस्तकातल्या बाईला तो हवा होता तसा? की ‘चांगलं वाटस’ यावरच आमचा संसार संपायचा? हा एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. खाता-पिता, आवक नंबर टाकता, तोच.

कादंबरी मी तीनदा वाचली. संध्याकाळी पांझरेच्या काठी फिरायला लागलो. पांझरेला तेव्हा घोट्याएवढं पाणी. वाळूत टरबुजाचे वेल, धोबी आणि त्यांची गाढवं. मी त्या वाळूत उभा राहून समुद्राकडे बघावं तसं पलीकडच्या काठाकडे बघत असे. एका धोब्यानं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, “भाऊ, काही हरवलं का?” मी उसासा सोडून म्हणालो, “हो.” बिचारा अर्धा तास माझ्याबरोबर वाळूत शोधत होता.

शेवटी ठरवलं, पत्र लिहायचं. आजवर मी सासुरवाडीला फक्त कार्डं पाठवली होती, तीही आबांना, म्हणजे सासऱ्यांना. ‘इकडे सर्व क्षेम, तिकडील कळवावे.’ या वेळी निळं आंतर्देशीय आणलं आणि त्यावर तिचं नाव घातलं. तिच्या नावानं आलेलं ते तिच्या जन्मातलं पहिलंच पत्र. मजकूर मला आजही पाठ आहे, कारण पुढे तो मला भर गल्लीत मोठ्यानं वाचावा लागला.

‘ज्याला तू आपला म्हणत होतीस, तो माणूस आता या जगात उरलेला नाही. ज्वाळांनी त्याचं अंग अंग कवेत घेतलं. आता राख तेवढी आहे, पांझरेच्या काठी वाऱ्यावर उडणारी. रडू नकोस. ये.’

खाली सही नाही. कादंबरीतली बाई पत्राखाली कधी सही करत नसे, मग मी कशी करणार? पाठवणाऱ्याच्या नावाची जागाही कोरी सोडली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर शेरा मारून मी ते पत्र परत पाठवलं असतं! आणि शेवटी एक कळस चढवला. कादंबरीतली ती बाई प्रत्येक पत्राचा एक कोपरा फाडून आपल्याजवळ ठेवायची, का तर भेट होईपर्यंत पत्र अपुरंच राहावं. वाचताना मला ते इतकं भिडलं होतं की डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आंतर्देशीय घडी घालून चिकटवलं, त्याचा कोपरा फाडला, तो खिशात घातला आणि पत्र पेटीत टाकून आलो.

खानदेशातल्या जुन्या वाचकानं इथे कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडतात तो फक्त कुणी गेल्याचं कळवताना. तसं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. हे मला ठाऊक नव्हतं म्हणाल, तर लहानपणी आमच्या दारात अशी चार कार्डं आलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. पण प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल चरायला जाते म्हणतात. माझी सातपुडा ओलांडून गेली होती.

पुढचे पाच दिवस मी तिच्या उत्तराची वाट बघितली. तिकडे काय चाललं होतं ते नंतर कळलं. पोस्टमननं पत्र लांबूनच दाखवलं, उंबऱ्याला पाय लावला नाही, आबांना बाहेर बोलावलं. लिंबाखाली उभं राहून तिच्या भावानं ते फोडलं. शाळेत वाचन बेताचं, त्यात माझी मराठी. ‘या जगात उरलेला नाही’ इथं त्यानं तीच ओळ पुन्हा वाचली. ‘ज्वाळा’ आणि ‘राख’ वाचल्यावर आबांनी पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. पुढे कुणी वाचलंच नाही. सरकारी नोकराचं मरण, उद्या कुठे कागद लागेल, म्हणून आबांनी ते फाडलं मात्र नाही, खिशात ठेवलं. बायकोला कुणी पत्र दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तिनं अक्षर तरी ओळखलं असतं आणि विचारलं असतं की मेलेल्या माणसानं स्वतःच कसं कळवलं. पण रीत अशी की एकदम सांगायचं नाही. तिला म्हणाले, “जवाई आजारी शे, धुळ्याले जानं पडी.”

त्या रविवारी सकाळी मी ओट्यावर आरसा टांगून दाढी करत होतो. एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी बाईनं गळा काढला.

“मन्हा जवाई कथा गया वं माय!”

माझा जावई कुठे गेला, असा तो आक्रोश. आमच्याकडे मयताच्या घराजवळ आलं की बायका लांबूनच रडायला सुरुवात करतात. शेटाणी धावत बाहेर आल्या. कोण गेलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाई शेजारधर्माची पक्की, त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि रडू लागल्या. रडता रडताच मला विचारलं, “भाईसाब, कौन गया?” मी म्हणालो, “बघतो.” आणि वस्तरा हातात घेऊन गल्लीत चार पावलं पुढे गेलो. समोरून सहा माणसं येत होती. उन्हात मला आधी चेहरे दिसलेच नाहीत. मी आपला सहानुभूतीच्या आवाजात विचारता झालो, “कोण गेलं हो?”

रडणारी बाई म्हणजे बायकोची आत्या. तिकडे फुई म्हणतात. तिचा सूर अर्ध्यातच थांबला. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. साबण, वस्तरा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

“जवाई,” ती म्हणाली, “तुम्ही जित्ता शेतस?”

तिच्या आवाजात आनंदापेक्षा तक्रार जास्त होती. आणि खरंच आहे, एरंडोलपासून धुळ्यापर्यंत बाईनं गळा राखून ठेवला होता.

सगळ्यांच्या मागे बायको उभी होती. दोन्ही हात काखेत घट्ट धरलेले, डोक्यावरचा पदर मागे घसरलेला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग रस्त्यातच, धुळीत, खाली बसली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. रडेल. कादंबरीतली बाई अशा वेळी दोनदा बेशुद्ध पडली होती. ही उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि माझ्या बाजूनं सरळ खोलीत गेली. थोड्या वेळानं शेगडी पेटवल्याचा वास आला. सहा माणसांना चहा लागणार होता.

इकडे ओट्यावर माझी पंचाईत. आबांनी खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं. “वाचा,” म्हणाले, “आनि हाई काय लिखेल शे ते बठ्ठं आमले समजाडी सांगा.”

सासरा, मेहुणा, फुई, दोन चुलते, शेटाणी आणि जमलेली गल्ली यांच्यापुढे मी माझं प्रेमपत्र ओळीओळीनं वाचलं आणि ओळीओळीनं त्याचा अर्थ सांगितला. ज्वाळा म्हणजे खऱ्या नव्हेत. मग कसल्या? मनातल्या. मेहुण्यानं विचारलं, “मनमा आग कशी लागी?” मी म्हणालो, हा अलंकार आहे. फुईला वाटलं, मी बायकोच्या अंगावरचा एखादा दागिना मोडला आणि त्यासाठी हा सगळा खटाटोप केला. राख उडते म्हणजे काय, हे सांगताना मला घाम फुटला. त्या थेंबांवर चार काय, चाळीस पानं झाली असती. आतून एकदा कप पडल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

आबा शांत माणूस. चहा पिऊन, जेवून, दुपारच्या गाडीनं सगळे निघाले. लेकीला त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “जवाईबापू, काही सांगनं व्हई ते माणूस धाडा. पत्र लिखू नका.”

त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं, “घाबरली होतीस का?” ती म्हणाली, “माठ धुयेल नही तुम्ही.” संपलं! माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं मी धरून चाललो. माणूस मेला म्हणून आली, जिवंत आहे म्हटल्यावर चहा केला. मनात म्हटलं, आपल्या नशिबात हेच. कादंबरी वाचनालयात परत दिली आणि वरणभाताच्या संसाराला लागलो. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे माझी जळगावला बदली झाली. दोन मुलं झाली. जळगावात आम्ही काही साहित्यवेड्या कारकुनांनी आणि मास्तरांनी एक मंडळ काढलं. आळीपाळीनं एकमेकांच्या घरी जमायचं, वाचायचं आणि वाचलेल्यापेक्षा जास्त बोलायचं. एका उन्हाळ्यात माझ्या घरी बैठक होती. बायकोनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या आणि आंब्याचा रस. एका मास्तरांच्या लक्षात आलं की आमच्या पंगतीनंतर ती जेवायला बसली, पण तिच्या ताटात रस नव्हता. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “मी नाही खात.”

मला निमित्तच हवं होतं. मी म्हणालो, “अहो, आमच्याकडे आंबासुद्धा कुणाला आवडत नाही. जिला आंबा गोड लागत नाही तिला कादंबरी काय गोड लागणार? गाढवाला गुळाची चव काय?” सगळे खो खो हसले. तीही हसली. ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या दोन उन्हाळ्यांत मी ते निदान चार घरी वापरलं.

मग एका आखाजीला आम्ही सगळेच सासुरवाडीला गेलो. “मरेल जवाई उना” वगैरे झालं. दुपारी पंगत बसली. फुई आता पार वाकली होती, पण तोंड तसंच. बायको रसाची चरवी घेऊन वाढत होती. कुणीतरी तिला आग्रह केला, घोटभर घे म्हणून. आणि मी सवयीनं ते वाक्य काढलं. आंबा, कादंबरी, गाढव, सगळं.

या वेळी कुणी हसलं नाही.

फुईनं घास ताटात ठेवला. “जवाई,” ती म्हणाली, “हाई पोर आठे आंबाना झाडवर वाढनी. पाडाना पहिला आंबा तिना, नही ते घर डोक्यावर लेये. तुम्हले कोनी सांगं नही?”

आणि तिनं सांगितलं. त्या दिवशी एसटीत बायकोला कुणी काही बोललं नव्हतं, पण तिला कळून चुकलं होतं. रीतीनं बांगड्या उतरवायच्या म्हणून फुईनं तिचा हात धरायला बघितला, तर तिनं दोन्ही हात काखेत कोंबले आणि धुळं येईपर्यंत काढले नाहीत. एरंडोल मागे पडलं तेव्हा तिनं पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेला तोंड केलं आणि मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, माणूस जिवंत दिसू दे, मी जन्मभर आंबा तोंडात घालणार नाही.

मी मनात हिशेब केला. नऊ वर्षं. नऊ उन्हाळे ही बाई माझ्यासाठी आंबे पिळत होती, कोय चोखत नव्हती, पाण्यात धुऊन टाकत होती, बोटसुद्धा चाटत नव्हती. आणि मी तिला चार घरी गाढव म्हणून आलो होतो. लाजेनं माझे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आणि कुठलाही अलंकार न वापरता वाटलं.

ती चरवी घेऊन माझ्यापुढे आली तेव्हा मी हळूच विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कधी इचारलं?” ती म्हणाली. “तुम्ही तर लोकांना सांगत होते.”

“मीही आजपासून आंबा सोडतो,” मी म्हणालो. मला ते वाक्य बोलताना फार मोठं वाटलं.

तिनं माझ्या वाटीत रस ओतला, काठोकाठ.

“खा बरं गुमान,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी सोडला मी. तुम्हीच नही खाल्ला ते काय उपेग?”

इथे तो रस मला खारट लागला असं लिहायचा मोह होतो. पण तो गोडच होता. मी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी तिनं न विचारता वाढली, आणि मी खाऊन संपवेपर्यंत ती चरवी घेऊन समोर उभी राहिली.